तारेत हरवणारा सिग्नल
डिश, कॅमेरे आणि केबल लावणाऱ्या कारागिरांसाठी

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण ओलांडून इंदापूरकडे निघाले की लोणी देवकर लागते. औद्योगिक वसाहतीमुळे या गावाचे नाव आता कारखानदारीशी जोडले गेले आहे. जेथे कारखाने, गोदामे, हॉटेले आणि नवी घरे उभी राहतात तेथे डिश, कॅमेरे आणि वाय-फाय बसवणारा कारागीरही लागतो. बारामती-इंदापूर भागातील होतकरू मुलांसाठी हा धंदा चांगला आहे. भांडवल कमी, हत्यारे थोडी आणि काम बाराही महिने. अडचण एकच. आज बसवलेले काम चार दिवसांनी बंद पडते आणि गिऱ्हाईक पुन्हा बोलावते. ही फेरी फुकटची असते.

बहुतेक वेळा दोष टीव्हीत किंवा कॅमेऱ्यात नसतो. तो केबलमध्ये किंवा जोडात असतो. विजेच्या लहरी कशा प्रवास करतात एवढे समजून घेतले तर यातल्या बऱ्याच फेऱ्या वाचतील.

लांब लहर, आखूड लहर

प्रकाश आणि रेडिओच्या लहरी एकाच जातीच्या आहेत, हे मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६५ साली गणिताने मांडले. जर्मनीच्या हर्ट्झने १८८८ पर्यंत ते प्रयोगाने सिद्ध केले. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात लोकांसमोर अशा लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली.

या सर्व लहरी हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. फरक असतो तो लांबीचा. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर भरते. घरगुती डिशवर येणारी १२ हजार मेगाहर्ट्झची लहर अवघी अडीच सेंटिमीटर असते. लांब लहर जमिनीला धरून वळत जाते. आखूड लहर उजेडासारखी सरळ जाते आणि आड आलेली भिंत, झाड किंवा जोराचा पाऊस तिला अडवतो.

सिंहगड आणि बांबू

मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम १९७३ पासून सिंहगडावरील केंद्रामार्फत पुणे भागात दिसू लागले. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच, तर इंदापूरकडील जमीन ५०० मीटरच्या आसपास. म्हणजे फरक ८०० मीटरचा. अशा लहरींच्या क्षितिजाचा साधा हिशोब असा : उंचीचे मीटरमधील वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येते. ८०० चे वर्गमूळ सुमारे २८, म्हणून गडाची पोच ११६ किलोमीटर. घरावरचा अँटेना ३ मीटरवर असेल तर त्यात ७ किलोमीटरची भर पडते, १० मीटरवर नेला तर १३ ची.

लोणी देवकर सिंहगडापासून सरळ रेषेत साधारण सव्वाशे किलोमीटर. म्हणजे हा भाग अगदी कडेला येतो. खालचा अँटेना कमी पडतो आणि उंच बांबूवर चढवलेला जेमतेम पोचतो. हा हिशोब सपाट जमिनीचा झाला. वाटेत पुरंदरसारखे डोंगर आहेतच. दूरदर्शनची ती जुनी पद्धतीची बहुतेक प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बंद झाली, पण नियम तोच आहे. आज दोन शेडमध्ये वाय-फायचा दुवा टाकायचा असेल तरी आधी उंची आणि मधली अडचण पाहावी लागते.

उजनीच्या पाणलोटाजवळ काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाण्यावरून जाणारी लहर दोन वाटांनी पोचते : एक सरळ, दुसरी पाण्यावर आपटून. दोन्ही एकमेकींच्या उलट पडल्या तर सिग्नल मरतो. धरणाची पातळी वर्षभर खालीवर होते आणि तशी दुसरी वाटही बदलते. मोठ्या टॉवरवर यासाठी दोन डिश वेगवेगळ्या उंचीवर लावण्याची पद्धत आहे.

७५ ओहम म्हणजे काय?

केबलवर ७५ ओहम लिहिलेले असते. मीटर लावला तर मात्र शून्याजवळचा आकडा दिसतो. मग हे ७५ कुठले? मीटर तारेचा नुसता अडथळा मोजतो. ७५ हा आकडा धावत्या लहरीला केबल कशी भासते ते सांगतो. तो मधल्या तारेची जाडी, भोवतीच्या जाळीचा आतला व्यास आणि मधला पांढरा फेस यांवर ठरतो. केबल १० मीटर असो वा १००, आकडा तोच.

निरा डाव्या कालव्याचे पाणी पाहा. पाट सारख्या रुंदीचा असेल तर लाट सुखाने पुढे जाते. पाट एकाएकी अरुंद झाला किंवा दार आडवे आले की लाटेचा काही भाग मागे फिरतो. केबलमध्येही तसेच घडते. ७५ ओहमच्या केबलला ५० ओहमची जोडली तर सुमारे ४ टक्के शक्ती परत फिरते. जुन्या अँटेनाच्या ३०० ओहमच्या टोकाला ७५ ची केबल थेट बांधली तर ३६ टक्के परत जाते. म्हणून तेथे मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर लागत असे. केबल खिळ्याखाली चेपली, कोपऱ्यात मोडून वळवली किंवा दोन तारा पिळून टेप लावली की तेवढ्या जागी ७५ चा आकडा बिघडतो.

जोर वाढवून भागत नाही

केबल लहरीला खातही जाते. घरगुती आरजी-६ केबलमध्ये १००० मेगाहर्ट्झचा सिग्नल १०० मीटरनंतर जवळजवळ शंभरावा हिस्सा उरतो. डिशवरची १२ हजार मेगाहर्ट्झची लहर तर त्यात टिकणारच नाही. म्हणून डिशच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी तिला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवतो आणि मगच खाली सोडतो.

सिग्नल कमी म्हणून टीव्हीजवळ बूस्टर लावणे हा चुकीचा उपाय आहे. वाटेत मिसळलेला कचराही त्याबरोबर वाढतो. बूस्टर लावायचाच तर अँटेनाजवळ, सिग्नल स्वच्छ असताना लावावा. १८५८ साली अटलांटिक समुद्रातून तारेची पहिली केबल टाकली, तेव्हा संदेश अस्पष्ट येतात म्हणून एका अधिकाऱ्याने सुमारे २ हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच कमकुवत असलेली केबल तीनेक आठवड्यांत निकामी झाली. विल्यम थॉमसन यांनी उलट वाट धरली : चांगली तांब्याची तार, थोडी वीज आणि नाजूक मीटर. १८६६ ची केबल टिकली आणि १८७० साली मुंबईही समुद्री तारेने विलायतेशी जोडली गेली.

चुंबक खिशात ठेवा

बाजारात दोन प्रकारचा माल मिळतो. एकात मधली तार पूर्ण तांब्याची, दुसऱ्यात पोलादावर तांब्याचा मुलामा. मधल्या तारेला चुंबक चिकटले तर आत पोलाद आहे. हा माल खोटाच असतो असे नाही. हजार मेगाहर्ट्झची लहर तारेच्या केवळ वरच्या कातडीतून जाते, म्हणून डिशच्या छोट्या अंतरासाठी मुलामाही चालतो. पण कॅमेऱ्याच्या चित्राची लहर मंद असते, ती तारेत खोल शिरते आणि तेथे पोलाद तिला खाते. एलएनबीला याच तारेतून १३ किंवा १८ व्होल्टची वीज वर जाते. अंतर लांब असेल तर तीही कमी पडते. तेव्हा कॅमेरे आणि लांब अंतर यांसाठी पूर्ण तांब्याची केबल घ्यावी.

विकणाऱ्याने गिऱ्हाईकाला कोणता माल आहे ते आधी सांगावे आणि दरातही तो फरक ठेवावा. बसवणाऱ्याने पिळलेल्या जोडाऐवजी ठीक कनेक्टर लावावा. बाहेरच्या जोडावर पाणी उतरू नये म्हणून केबलला खाली झोका द्यावा, आणि स्प्लिटरचे रिकामे तोंड ७५ ओहमच्या टोपीने बंद करावे. या कामाला अर्धा तास आणि थोडे पैसे जास्त लागतील. परत बोलावणे येणार नाही, आणि पुढच्या शेडचे काम तेच गिऱ्हाईक मिळवून देईल.