साडेनऊ फुटांतला संसार

लिन रॉबर्टसन हे नाव आपल्यापैकी फारशा जणींनी ऐकलेले नसेल. तिच्या नवऱ्याचे, डूगलचे, नाव मात्र समुद्रावरच्या पुस्तकांत हटकून सापडते. मुलाबाळांसह होडीतून बेटे बघत हिंडणाऱ्यांच्या हकिगती वाचताना मला नेहमी एकच कुतूहल वाटते. त्या होडीतल्या बाईने काय केले? लिनच्या बाबतीत त्याचे उत्तर मिळते, तेही नवऱ्याने मोकळेपणाने लिहून ठेवले म्हणून.

हे कुटुंब इंग्लंडमधले, स्टॅफर्डशायरमध्ये दुधाचा धंदा करणारे. डूगल पूर्वी व्यापारी जहाजांवर होता, लिन शिकलेली नर्स. एका रविवारी सकाळी घरात जगप्रदक्षिणेच्या होड्यांची बातमी ऐकू आली आणि जुळ्यांतला नील म्हणाला, "बाबा तर खलाशी आहेत, मग आपण का नाही जायचं?" पोराचे बोलणे ते! आपल्याकडे 'आधी दूध संपव' म्हणून विषय मिटला असता. इथे शेत विकले गेले. होती नव्हती ती पुंजी घालून १९२२ साली बांधलेली, ४३ फुटांची 'ल्यूसेट' ही लाकडी शिडाची नौका घेतली गेली. मुलांनी जगाच्या शाळेत शिकावे हा डूगलचा हेतू होता. मी स्वतः अर्धवेळ का होईना शिकवते, तेव्हा तो हेतू मला कळतो. पण थोरला मुलगा डग्लस पुढे सांगत असे की सरावासाठी वडिलांनी आम्हाला साधी एक फेरीसुद्धा मारून आणली नव्हती. हे मात्र मला काही केल्या पटत नाही हं. लेकरांना अथांग पाण्यावर न्यायचे आणि तालीम नाही?

२७ जानेवारी १९७१ ला फाल्मथ बंदरातून सहाजण निघाले. डूगल, लिन, मोठी मुलगी ॲन, डग्लस आणि जुळे नील व सँडी. अटलांटिक ओलांडून वेस्ट इंडीजची बेटे, बहामा, मग मयामी. बहामात ॲनने पुढे यायचे नाही असे ठरवले. तरुण मुलगी परक्या बेटावर मागे राहते आणि आई होडीत बसून पुढे जाते, तेव्हा त्या आईच्या मनात काय चालले असेल याची कल्पना तुम्हीच करा. पनामा कालव्यापाशी वेल्सचा एक तरुण, रॉबिन विल्यम्स, त्यांच्यात सामील झाला. तिथून गॅलापागोस. डार्विन १८३५ साली जिथे उतरला होता, तीच ही बेटे. प्रचंड कासवे, समुद्रात पोहणाऱ्या घोरपडीसारख्या इग्वाना, माणसाला न भिणारे पक्षी. मुलांना याहून मोठी शाळा कुठली मिळणार? इतके दिवस डूगलचे गणित बरोबर आले होते, हे कबूल करायलाच हवे.

१३ जून १९७२ ला त्यांनी गॅलापागोस सोडले. पुढचा मुक्काम मार्केसास बेटे, सुमारे तीन हजार मैलांवर. दोनच दिवसांनी, १५ जूनला, किलर व्हेल माशांनी खालून धडका दिल्या. लाकडी तळ फुटला आणि काही मिनिटांत ल्यूसेट बुडाली. (हे अशक्य वाटू देऊ नका. २०२० पासून स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ हे प्राणी होड्यांची सुकाणू मोडत आले आहेत.) एक हवा भरायचा रबरी तराफा होता, तो वाटेत ओळख झालेल्या आइसलंडच्या एका मित्राने दिलेला. आणि 'एडनामेअर' नावाची साडेनऊ फुटांची डोंगी.

सामान किती, तर सुमारे दहा लिटर पाणी, दहा माणसांना दोन दिवस पुरेल एवढा पाव आणि ग्लुकोज, बिस्किटांचा एक डबा, डझनभर कांदे, दहा संत्री, सहा लिंबे, थोड्या गोळ्या. खाणारी तोंडे सहा.

आणि तेवढ्यात तरंगत आली लिनची शिवणाची टोपली! सुयादोरा तर होताच. शिवाय स्वेटरच्या सुया, शस्त्रक्रियेची दोन पाती, सुतळीचा गुंडा, बटणे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, तांब्याची तार, इलॅस्टिक, ॲस्पिरिनची बाटली, पेन्सिल. आपल्या शिलाई मशीनच्या खणात सापडते तसलेच सगळे. 'कशाला हा पसारा जपून ठेवतेस?' असे ज्या वस्तूंवरून आपण रोज ऐकतो, त्या तिथे लाखमोलाच्या ठरल्या.

सातव्या दिवशी एक जहाज दिसले. त्यांनी प्रकाशाचे बाण सोडले. जहाज न थांबता निघून गेले. त्यानंतर दोघांनी ठरवले की आता कुणाची वाट बघायची नाही, मुलांना आपणच किनाऱ्याला न्यायचे. वारा आणि प्रवाह बघून त्यांनी तोंड वळवले ते विषुववृत्ताजवळच्या शांत पट्ट्याकडे. भूगोलाच्या पुस्तकात आपण हा पट्टा पाठ करून सोडून देतो. तिथे वारा पडलेला असतो, पण पाऊस पडतो, आणि त्यांना पाणी हवे होते.

तराफा सोळा-सतरा दिवसांत निकामी झाला. मग सहाही जणे त्या डोंगीत. काठ पाण्यापासून वीतभरसुद्धा वर नाही. कुणाला जागा बदलायची तर सगळ्यांनी तोल सांभाळायचा. चिडचिड, भांडणे, बापाचे ओरडणे, सगळे झाले. डूगलने ते लपवलेले नाही.

या डोंगीत जे चालले त्याला मी संसारच म्हणेन. पाणी मोजून घोटाघोटाने. कासव सापडले की त्याचे रक्तसुद्धा टाकायचे नाही, प्यायचे. मांसाच्या आणि डोराडो माशाच्या पट्ट्या कापून उन्हात टाकायच्या, आपण उन्हाळ्यात वाळवण घालतो तशा, आणि पावसाची सर आली की लगबगीने झाकायच्या. कासवाची चरबी उन्हात विरघळवून तेल काढायचे. खाऱ्या पाण्याने अंगाला फोड आले होते, त्यांवर ते तेल लावायचे. मुलांचे पाय आखडू नयेत म्हणून लिन त्यांच्याकडून व्यायाम करून घेई.

आणि एक गोष्ट, नाक मुरडू नका बरं का. डोंगीच्या तळाशी पावसाचे पाणी साचे, पण कासवाच्या रक्ताने घाण झालेले. प्याले तर उलटी होणार. नर्स असलेल्या लिनला ठाऊक होते की मोठे आतडे पाणी शोषून घेते. खारे नसले की झाले. रबरी नळी घेऊन तिने त्या पाण्याचा एनिमा दिला. समुद्राचे पाणी मात्र कुणालाही पिऊ दिले नाही. माझ्या मते त्या अडतीस दिवसांतली सगळ्यात मोठी अक्कल हीच.

बोलायला विषय कोणता, तर जेवणाचा. घरी परतल्यावर 'डूगल्स किचन' नावाचे खानावळवजा हॉटेल काढायचे, असे बेत चालत. रोज नवे पदार्थ ठरत. तोंडात कासवाचा वाळका तुकडा आणि गप्पा पक्वान्नांच्या!

२३ जुलै १९७२, अडतिसावा दिवस. पाणी आणि सुके मांस आता इतके साठले होते की रात्री वल्ही मारून किनारा गाठायचा विचार पक्का झाला होता. त्याच दिवशी 'तोका मारू' या जपानी मासेमारी जहाजाने त्यांना पाहिले. डेकवर कुणालाच नीट उभे राहता येईना.

इथे मला थांबावेसे वाटते. डूगलची पहिली बायको आणि लहान मुलगा १९४२ साली त्रिंकोमालीच्या बंदरात जपानी हवाई हल्ल्यात गेले होते. तीस वर्षांनी त्याची दुसरी बायको आणि मुले जपानी खलाशांनी हात देऊन वर घेतली.

१९७३ साली डूगलचे पुस्तक निघाले आणि जगभर वाचले गेले. लेखक म्हणून नाव एकट्याचे. पुढे ती दोघे वेगळी झाली. तो भूमध्य समुद्रात पुन्हा होडीवर राहायला गेला. खानावळ काही निघाली नाही.

एडनामेअर आता फाल्मथच्या सागरी संग्रहालयात आहे, ज्या गावाहून ती सगळी निघाली होती तिथेच. तिची लांबी जेमतेम आपल्या दीड पलंगाएवढी आहे.