कॅपआधी ऑनलेचा विचार

रूट कॅनालमुळे दाढ ठिसूळ होते, म्हणून तिला पूर्ण कॅप हवीच, असा समज आपल्याकडे पक्का आहे. पुरावा मात्र वेगळे सांगतो. रीह, मेसर आणि डग्लस या संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केवळ रूट कॅनालने दाताचा ताठपणा जेमतेम ५ टक्के घटला. दोन्ही कडा कापून आरपार खाच केल्यावर तो ६३ टक्क्यांनी घटला. दात दुबळा होतो तो मुख्यतः कापून गेलेल्या भागामुळे. पूर्ण कॅपसाठी तर दात चहूबाजूंनी घासावा लागतो आणि हिरडीवरचा निम्म्याहून अधिक भाग जातो. कॅपऐवजी दाताच्या मापाने घडवलेले भराव वापरता येतात: इनले आणि ऑनले. इनले दाढेच्या उंचवट्यांमधल्या खळग्यात बसतो. ऑनले कमकुवत उंचवटेही झाकतो, म्हणजे चावताना दात फाकण्यापासून कॅपसारखेच संरक्षण देतो, पण बाजूच्या निरोगी भिंती राखतो. माप घेऊन सोने, सिरॅमिक किंवा कंपोझिटमध्ये तो तोंडाबाहेर घडवतात आणि मग चिकटवतात.

खर्च साध्या फिलिंगहून जास्त आणि बहुधा दोन खेपा, हा आक्षेप खरा आहे. लहान किडीला फिलिंगच पुरे, तिथे इनलेचा आग्रह नको. भिंतीच उरल्या नसतील तर कॅपला पर्याय नाही. पण मधल्या अवस्थेतील दाढ सरसकट घासून टाकणे मला अन्याय्य वाटते, कारण गेलेले इनॅमल शरीर पुन्हा बनवत नाही. कॅपला होकार देण्यापूर्वी ‘इथे ऑनले चालेल का?’ हे दंतवैद्यांना जरूर विचारा.