रक्ताची साक्ष

गोदावरीला पूर आला म्हणजे नाशिककरांची दृष्टि प्रथम दुतोंड्या मारुतीकडे जाते. पाणी मूर्तीच्या गुडघ्यांस लागलें, कमरेस लागलें, कीं गळ्याशीं आलें, यावरून पुराचा जोर लहानथोरांस कळतो. मारुति पूर आणीत नाहीं व अडवीतहि नाहीं. तो माप दाखवितो, आणि तें पाहून कांठावरची मंडळी सामान हलवितात. हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या रोग्याच्या रक्तांत डॉक्टर अशींच कांहीं मापें पाहतात. त्यांचा अर्थ वाचकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हृदय हा एक स्नायु आहे. त्याला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीनें बंद झाली, म्हणजे स्नायूचा तेवढा भाग प्राणवायूवांचून मरूं लागतो, व त्याच्या पेशींतील द्रव्यें रक्तांत उतरतात. असें एक द्रव्य झटक्यानंतर रक्तांत वाढतें, हें न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं १९५४ सालीं दाखविलें. परंतु तें यकृतांतहि असल्यामुळें त्याची साक्ष निःसंशय नव्हती. पुढें जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनीं स्नायूंतील ट्रोपोनिन शोधून काढलें. हृदयाचें ट्रोपोनिन इतर स्नायूंच्या ट्रोपोनिनाहून निराळें असतें. म्हणून आज तेंच मुख्य साक्षीदार मानितात. झटक्यानंतर सुमारें तीन-चार तासांत तें वाढूं लागतें व आठवडाभर किंवा अधिक काळ रक्तांत राहतें.

कित्येकदां हृदय इतकें दुबळें होतें कीं, शरीरास पुरेसें रक्तच पोंचत नाहीं. रक्तदाब उतरतो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. या अवस्थेस हृदयजन्य शॉक म्हणतात. उपचार होऊनहि अशा रोग्यांपैकीं जवळजवळ निम्मे महिन्याभरांत दगावतात. त्यांच्या जीविताचा अंदाज बांधण्यासाठीं जर्मन डॉक्टरांनीं २०१७ सालीं सहा खुणा मांडल्या. त्यांतील तीन रक्तांतील आहेत. पहिली लॅक्टेट: प्राणवायु न मिळालेल्या पेशी तें निर्माण करितात, लिटरमागें ५ मिलिमोलच्या वर गेल्यास धोका मोठा. दुसरी क्रिएटिनिन: १०० मिलिलिटरमागें दीड मिलिग्रॅमच्या वर गेल्यास मूत्रपिंडें थकलीं असें समजावें. तिसरी शर्करा: ती त्याच मापानें १९१ मिलिग्रॅमच्या वर जाणें हेंहि शरीरावरील भयंकर ताणाचें लक्षण होय. उरलेल्या तीन खुणा म्हणजे ७३ वर्षांवरील वय, पूर्वीं झालेला पक्षाघात, आणि वाहिनी उघडूनहि पुरता न सुरू झालेला प्रवाह.

मात्र आंकडा म्हणजे ललाटलेख नव्हे. लॅक्टेट पुन्हां पुन्हां मोजितात, आणि तें उतरूं लागलें तर आशा वाढते. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत, शॉकमधील ज्या रोग्यांची बंद वाहिनी लवकर मोकळी केली, त्यांपैकीं सहा महिन्यांत शेंकडा ५० दगावले. ज्यांना प्रथम केवळ औषधांवर ठेविलें, त्यांपैकीं ६३. तेरा माणसांचा हा फरक म्हणजे तेरा घरांचा आधार होय.

येथें एक गोष्ट विसरूं नये. रक्ताची साक्ष उशिरां येते. पहिल्या घटकेस ट्रोपोनिन निर्दोष दिसलें, तरी झटका नाहीं असें सिद्ध होत नाहीं. म्हणून डॉक्टर प्रथम हृदयाचा विद्युत्-आलेख काढितात, व तो स्पष्ट असल्यास रक्ताच्या उत्तराची वाट न पाहतां उपचार आरंभितात. मग घरच्या माणसांनीं तरी वाट कां पाहावी? मुंबईचे विख्यात हृदयशल्यतज्ज्ञ डॉ. नितू मांडके यांचें २२ मे २००३ रोजीं हृदयविकाराच्या झटक्यानेंच निधन झालें. इतरांचीं हृदयें ज्यांनीं दुरुस्त केलीं, त्यांनाहि या रोगानें सोडलें नाहीं.

तेव्हां, विद्यार्थिमित्रांनो, वडिलांच्या वा आजोबांच्या छातींत दडपण आलें, हातांत किंवा जबड्यांत कळ गेली, घाम सुटला, आणि ते “पित्त झालें असेल, पडून राहतों” असें म्हणूं लागले, तर त्यांचें तेवढें एक ऐकूं नका. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. ती तत्काळ बोलवा. पाणी गळ्याशीं येईपर्यंत कांठावर बसून राहणारा शहाणा नव्हे, हें गोदाकांठच्या मुलांस आम्हीं निराळें सांगावयास नको.