सुप्याचे कागद आणि सभेतले शब्द

आमच्या आयुष्यातले सर्वांत रंगलेले भाषण आम्ही बारामतीच्या बाजूला एका कारखान्याच्या दरवाजावर केले. पाळी सुटण्याची वेळ होती. शिकागोच्या १८८६ सालच्या मजुरांपासून आरंभ केला, तेथून मुंबईच्या गिरणगावात आलो आणि १९८२ च्या संपावर बोलताना तर आमचाच कंठ दाटून आला. टाळ्या भरपूर पडल्या. एकदोघांनी आग्रह करून चहा पाजला. दुसऱ्या दिवशी संघटनेचे अर्ज घेऊन त्याच लिंबाखाली बसलो, तेव्हा संध्याकाळपर्यंत चार अर्ज भरले गेले. त्यांतील एक भरणारा आमच्याच भावकीतला होता.

तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडीत नाही. माणसे ऐकून बदलतात ती नेमकी कशाने? आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे तालुक्याच्या वाचनालयात आणि असल्याच व्याख्यानमालांच्या मागच्या रांगेत बसून झाले. तेव्हा व्याख्यानांची थट्टा करण्याचा आमचा अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर आम्हांला व्यासपीठाजवळ सापडले नाही. ते सापडले सुप्याच्या बाजारपेठेत, तेही दीडशे वर्षांपूर्वीच्या.

सुप्याचे नाव इतिहासात मुख्यत्वे दोनदा येते. शहाजीराजांची पुणे-सुपे जहागीर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. दुसरी तारीख मात्र पुष्कळांना सांगावी लागते. ती म्हणजे १२ मे १८७५, बुधवार, बाजाराचा दिवस. त्या दिवशी भोवतालच्या गावांतून आलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य, कापड यांची लूट झाली हे खरे, पण त्यांची मुख्य मागणी एकच होती : आमची खते बाहेर काढा. जी खते हाती लागली ती त्यांनी पेटवून दिली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसांहून अधिक गावांत हेच घडले. इतिहासाच्या पुस्तकांत याला दख्खनचे दंगे म्हणतात. मनुष्यहानीच्या मानाने कागदांची हानी फार मोठी, असा हा विलक्षण दंगा होता.

कागदावर एवढा राग का, हे समजण्यासाठी त्या काळचे कर्जखत कसे चाले ते पाहिले पाहिजे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता, शेतकरी जन्मभर एका कागदाला बांधला जाऊ नये. पण झाले असे की, तीन वर्षे भरत आली की सावकार जुने खत रद्द करी आणि मुद्दल व थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल धरून नवे खत लिहून घेई. समजा, शंभर रुपये घेतले आणि व्याज दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांनी नवे खत एकशे बहात्तरांचे झाले. आणखी तीन वर्षांनी ते दोनशे शहाण्णवांचे. मधे नवा पैसा एकही हाती आलेला नाही. खाली सहीच्या जागी नांगराची निशाणी, कारण कुणब्याला अक्षर येत नव्हते. ज्या नांगराने शेत पिकवायचे त्याच नांगराचे चित्र काढून ते शेत लिहून द्यायचे! मुन्सफापुढे दावा गेला म्हणजे पाहिले जाई ते खत. त्यामागचा हिशेब क्वचितच कोणी पाही.

त्यात काळही फिरला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि सावकार मागेल त्याला उधार देऊ लागला. युद्ध संपले, भाव पडले, उधारी आटली. त्याच सुमारास, १८६७ साली, जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि तिचा पहिला मान आपल्या इंदापूर तालुक्याला मिळाला. सारा वाढला. तो भरण्यासाठी पुन्हा सावकाराचीच पायरी.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. या शेतकऱ्यांपुढे व्यासपीठावरून भाषण करण्यास कोणी गेले नव्हते. मग तो दिवस कसा उगवला? डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने आपल्या सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्याने हजामत करायची नाही, परटाने धुणे घ्यायचे नाही, पाणी कोणी भरायचे नाही. ही बातमी गावोगाव गेली. सोयऱ्याकडून, बाजारातून, पारावरच्या बोलण्यातून. या बोलण्यात नवी माहिती ती कोणती? आपल्यावर कर्ज आहे हे प्रत्येकाला ठाऊकच होते. पण तोवर प्रत्येकाला ते आपले वैयक्तिक पाप वाटत होते : आपण लग्नात जास्त खर्च केला, आपला बैल मेला, आपले नशीब फुटके. करड्याच्या बातमीने हे कळले की शेजारच्या गावातही हेच खत आहे, हीच निशाणी आहे आणि तीन वर्षांनी आकडा तसाच फुगतो आहे. एकट्याची लाज ही साऱ्या मुलखाची तक्रार झाली. आमच्या मते जग वेगळे दिसू लागते ते या क्षणी.

तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा या मुलखात कीर्तनातून घरोघरी पोचलेली आहे. सुप्याच्या माणसांना त्या दिवशी ती आठवली असेल काय? पुरावा मागू नये. आम्हांला मात्र असे वाटते की, कागद नाहीसा होऊ शकतो ही कल्पना ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे, त्याला आगपेटी शोधायला वेळ लागत नाही. फरक एवढाच की, तुकोबांनी बुडवली ती दुसऱ्यांकडून येणे असलेली खते होती.

येथे दंग्याचे गोडवे गाण्याचा आमचा विचार नाही. सावकारांत मारवाडी आणि गुजर पुष्कळ होते, पण दोष जातीचा नव्हता, खताच्या रीतीचा होता. दुकाने लुटली गेली त्या घरांतही बायकापोरे होती. पोलीस आणि लष्कर आले, शेकडो माणसे पकडली गेली. मग सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ देणे किती हे तपासण्याचा अधिकार दिला, कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले आणि भरलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा हक्क दिला. सावकारांनी त्यातूनही वाटा काढल्या. गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले. तो भाग निराळा.

योगायोग असा की, त्याच १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज गावोगाव वसंतात जी व्याख्याने होतात त्यांचे मूळ तेथे आहे. एकाच वर्षी पुण्यात माणसे शांतपणे ऐकायला बसली आणि सुप्यात माणसांनी कागद जाळले. पुण्याच्या पुढाऱ्यांना शेतकऱ्यांची कणव नव्हती असे कोणी समजू नये. सार्वजनिक सभेने त्याआधीच साऱ्याच्या ओझ्याची चौकशी केली होती. पण त्या सभागृहात नांगराची निशाणी करणारा बसलेला नव्हता.

त्याला समोर बसवून बोलणारा माणूस म्हणजे जोतीराव फुले. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ साली पुरा झाला. जोतीरावांनी तो नुसता लिहून ठेवला नाही. पुणे, मुंबई, जुन्नर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना तो वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. पिकलेला दाणा खळ्यापासून कोठे कोठे जातो, भटाकडे किती, कचेरीत किती, सावकाराकडे किती, हे ऐकणाऱ्याच्या अंगणातूनच सुरू होते. आणि शेवटी उपायही सांगितले आहेत : पावसाचे पाणी अडवण्यासाठी तळी आणि बंधारे बांधा, चांगली जनावरे पैदा करा. नुसता संताप ऐकून माणूस घरी जातो आणि झोपतो. काय करायचे हे कळले तर त्याची झोप उडते.

त्यांचेच सहकारी, पुणे जिल्ह्यातले नारायण मेघाजी लोखंडे, यांनी ही रीत गिरणीच्या दरवाजाशी नेली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरली. तीतल्या मागण्या आजही वाचाव्यात. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अपघाताने जायबंदी झालेल्याला भरपाई. कोठेही मोठा शब्द नाही. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार माणसे जमली आणि त्या सभेत दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या. १८९० साली बाईने हजारोंपुढे बोलावे! १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण ज्या रविवारी निवांत व्याख्यानाला बसतो, तो असा आलेला आहे.

हे सारे वाचल्यावर आमच्या त्या दरवाजासभेतले व्यंग आम्हांला दिसले. आम्ही शिकागोचे बोललो, पण ऐकणाऱ्याच्या खिशातल्या कागदाचे बोललो नाही. सहा महिन्यांनी त्याच लिंबाखाली पुन्हा सभा घेतली. आम्ही उभे राहणार तोच झाडलोट करणारी एक बाई म्हणाली, “भाऊ, थांबा जरा. आधी सगळ्यांनी पगाराची चिठ्ठी काढा.” तिला नीट वाचता येत नव्हते. मुलीकडून तिने एकच ओळ वाचून घेतली होती, भविष्य निर्वाह निधीची कपात. एकेकाने आपापली चिठ्ठी वाचली. कपात सर्वांच्या चिठ्ठीवर होती, आणि आपला खातेक्रमांक कोणालाच ठाऊक नव्हता. एका पोराने तेथल्या तेथे मोबाइलवर शोध घेतला. ठेकेदाराने त्याच्या नावाने काही भरलेच नव्हते. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग सगळे एकदम बोलू लागले.

त्या संध्याकाळी अर्ज कमी पडले आणि आम्हांला बारामतीहून आणखी छापून आणावे लागले. थकलेली रक्कम भरून घ्यायला चौदा महिने लागले. हल्ली आमच्या दरवाजासभेत आधी चिठ्ठ्या वाचल्या जातात, मग आमचे भाषण. कधी कधी भाषणापर्यंत वेळच उरत नाही.