गाण्याचें मोल कोणाच्या पदरीं?

डहाणूच्या बाजारांतून संध्याकाळच्या वेळीं कोणी चालत गेलें, तर चार-सहा दुकानांआड एका तरी दुकानांतून गाणें ऐकूं येतें. कोठें नभोवाणी चालू असते, कोठें हातांतल्या फोनवर इंटरनेटमधून गाणें आलेलें असतें. ऐकणारा त्याबद्दल दाम मोजीत नाहीं. आणि म्हणून आमच्या विद्यार्थ्यांची अशी समजूत झालेली दिसते कीं, वारा व ऊन यांप्रमाणें गाणेंही कोणाच्या मालकीचें नाहीं. ही समजूत खरी नव्हे. गाण्याच्या पाठीमागें पैसा वाहत असतो, आणि तो कोणाच्या पदरांत पडावा याविषयीं आपल्या देशांत सुमारें पाऊणशें वर्षें भांडण चाललें आहे. त्या भांडणाची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण तिचा एक धागा तलासरीच्या पाड्यांपर्यंत येऊन पोहोंचतो.

प्रथम मालकी कशी असते तें पाहूं. आमच्या भागांतील मुलांस चिकूच्या वाडीचा व्यवहार ठाऊक आहे. जमीन एकाची, वाडी मक्त्यानें घेणारा दुसरा, फळें उतरविणारा तिसरा, आणि पेट्या भरून मुंबईस पाठविणारा व्यापारी चौथा. एका चिकूच्या दामांत ह्या चौघांचाही वांटा असतो. गाण्याचेंही तसेंच आहे. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, कंठ गायकाचा, आणि तें सर्व मुद्रित करणारी कंपनी चौथी. 1957 चा स्वामित्वहक्काचा कायदा, ज्यास लोक कॉपीराइटचा कायदा म्हणतात, तो शब्द, चाल व ध्वनिमुद्रण ह्या तिहींवर तीन निरनिराळे हक्क मानतो. हा हक्क वापरूं दिल्याबद्दल जो मोबदला मिळतो, तीच रॉयल्टी. शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातींत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षें टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षें. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 सालीं निवर्तले. त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेलीं भजनें आतां कोणीही गावीं, कोणीही छापावीं. कोणास कांहीं देणें लागत नाहीं. ग. दि. माडगूळकर 1977 सालीं आणि सुधीर फडके 2002 सालीं वारले. म्हणून माडगूळकरांच्या शब्दांवर 2037 अखेरपर्यंत व फडके यांच्या चालींवर 2062 अखेरपर्यंत हक्क चालेल.

गायकाच्या कंठास मात्र कायद्यानें दीर्घकाळ उंबऱ्याबाहेर उभें ठेविलें होतें. 1949 सालच्या 'महल' बोलपटांतील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गाणारीचें नांव म्हणून बोलपटांतील पात्राचें नांव, 'कामिनी', छापलें होतें. कंठ होता लता मंगेशकर यांचा. पुढें 1960 नंतरच्या दशकांत लताबाईंनीं गायकांसही रॉयल्टींत वांटा मिळावा अशी मागणी केली. महंमद रफी यांचें मत असें कीं, ठरलेलें मानधन घेतलें म्हणजे गायकाचा त्या गाण्याशीं देण्याघेण्याचा संबंध संपला. ह्या मतभेदापायीं कांहीं वर्षें दोघें एकत्र गाइलीं नाहींत. रफी यांची वृत्ति उदार होती हें सर्वश्रुत आहे. परंतु उदारपणा ज्याचा त्यानें स्वतःच्या वांट्यापुरता करावा. त्याचाच नियम करूं गेलें असतां ज्या गायकाला वर्षांतून दोन गाणीं मिळतात त्याचें नुकसान होतें. 1994 च्या दुरुस्तीनें कला सादर करणाऱ्यांचा हक्क कायद्यांत आला. त्याच्या व्याख्येंत नट, गायक, वादक, नर्तक यांजबरोबर जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा यांचाही समावेश आहे. तेव्हां आम्हां शिक्षकांनींही निराश होण्याचें कारण नाहीं!

नभोवाणी आणि बोलपटवाले यांची मोठी झुंज 1952 सालीं झाली. तिचे एक नायक डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ होते. ते मध्यवर्ती सरकारांत नभोवाणीचे मंत्री होते. बोलपटांतील गाण्यांनीं लोकांची अभिरुचि बिघडते असें त्यांचें मत. म्हणून त्या गाण्यांचा वेळ कमी करण्यांत आला, आणि बोलपटाचें नांव सांगणें ही फुकटची जाहिरात होय असें ठरवून तेंही बंद झालें. निर्मात्यांनीं चिडून गाणीं वाजविण्याची परवानगीच काढून घेतली. लाभ झाला तो सिलोनचा. त्याच सालच्या डिसेंबरांत रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि येथील श्रोते येथलींच गाणीं समुद्रापलीकडील केंद्रावरून ऐकूं लागले. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजीं 'विविध भारती' निघाली. अमेरिकेंतही 1941 सालीं असाच तंटा झाला होता. तेथील कवि-संगीतकारांच्या संघानें दर वाढवून मागितला, तेव्हां मोठ्या केंद्रांनीं सुमारें दहा महिने त्या संघाचीं गाणीं न वाजवितां, हक्क संपलेलीं स्टीफन फॉस्टर याचीं गाणीं पुनःपुन्हां वाजविलीं. हा फॉस्टर 1864 सालीं दारिद्र्यांत मेला.

1952 च्या झुंजींत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आली असेल. भांडणारे दोघे, सरकार आणि निर्माता. ज्यांनीं गाणीं रचलीं ते कोठेंच नव्हते. 1969 सालीं कवि, संगीतकार व त्यांचे प्रकाशक यांची 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' स्थापन झाली आणि तिनें रॉयल्टी मागण्यास आरंभ केला. निर्माते न्यायालयांत गेले. 1977 सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, निर्मात्यानें मोबदला देऊन बोलपटासाठीं गीत वा चाल करवून घेतली असेल, आणि उलट करार झालेला नसेल, तर हक्काचा पहिला मालक निर्माता. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्या निकालास स्वतःची टीप जोडून गायकाच्या उपेक्षेकडे कायदेमंडळाचें लक्ष वेधलें. परंतु कायदा बदलावयास 35 वर्षें लागलीं. जावेद अख्तर यांनीं राज्यसभेंत हा प्रश्न लावून धरला, आणि 21 जून 2012 पासून दुरुस्ती अमलांत आली. तींतील एक कलम आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. रॉयल्टींतील आपला समान वांटा कवि किंवा संगीतकार यांस आतां सोडूनही देतां येत नाहीं. वारसांस किंवा आपल्या संस्थेस तेवढा देतां येतो. तलासरीच्या मुलांस ह्याचें मर्म चटकन् कळेल. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस सहजासहजीं विकतां येत नाहीं, हा निर्बंध जमीनधारकाला बांधून ठेवण्यासाठीं नसून, गरजेच्या दिवशीं त्याच्यापुढें कागद सरकविणाऱ्यास अडविण्यासाठीं असतो. हेंही कलम त्याच जातीचें आहे.

2001 पासून खासगी एफ. एम. केंद्रें निघालीं, तेव्हां भांडणाचा विषय बदलला. द्यावें कीं न द्यावें हा प्रश्न मागें पडून, मोजावें कसें हा पुढें आला. ध्वनिमुद्रण कंपन्या 'सुई-तास' मोजीत. सुई हा शब्द जुन्या ग्रामोफोनच्या सुईवरून आला आहे. निवेदकाचें बोलणें व जाहिराती वगळून प्रत्यक्ष तबकडी जितका वेळ वाजेल तितके तास. केंद्रांचें म्हणणें असें कीं, आम्हांस जें जाहिरातींचें उत्पन्न होतें त्याचा ठराविक हिस्सा घ्या. कंपन्या म्हणत, तुमचें दुकान चाललें नाहीं म्हणून आमच्या मालाची किंमत कां उतरावी? 2010 सालीं कॉपीराइट मंडळानें केंद्रांचें ऐकून जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या 2 टक्के असा दर ठरविला. 31 डिसेंबर 2020 रोजीं त्याच्या जागीं आलेल्या अपील मंडळानें पुनः सुई-तासाचा हिशेब स्वीकारला. आमच्या मतें लहान गांवच्या केंद्रास हिस्स्याची पद्धति सोसण्यासारखी आहे, पण गाणाऱ्याच्या दृष्टीनें सुई-तास बरा. कारण त्यांत किती वाजलें याची नोंद ठेवावीच लागते, आणि जेथें नोंद नाहीं तेथें वांटा मिळत नाहीं.

2012 च्या दुरुस्तीनें केंद्रांस अशी सवलत दिली कीं, आगाऊ सूचना देऊन व ठरलेला दर भरून, मालकाच्या संमतीवांचूनही गाणें लावतां येतें. मात्र कर्त्यांचीं व प्रमुख कलावंतांचीं नांवें प्रक्षेपणाबरोबर सांगण्याचें बंधनही त्याच कलमांत आहे. आजच्या निवेदकांच्या बडबडींत तीं नांवें क्वचितच ऐकूं येतात, ही खेदाची गोष्ट होय. तरीही बरीच केंद्रें म्हणत राहिलीं कीं, कंपनीस पैसे दिले म्हणजे कवि-संगीतकारांस निराळें देणें उरत नाहीं. 28 एप्रिल 2023 रोजीं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति मनीष पितळे यांनीं हें म्हणणें अमान्य केलें: ध्वनिमुद्रण वाजतें तेव्हां त्याच्या पोटांतील शब्द व चालही वाजतात, आणि त्यांचें मोल निराळें द्यावें लागेल.

इंटरनेटवरून गाणीं पुरविणाऱ्यांनींही ती सवलत मागून पाहिली. 'विंक' ह्या सेवेचा 'टिप्स' कंपनीशीं दराविषयीं करार जमेना, तेव्हां आपणही प्रक्षेपकच आहों असें म्हणून तिनें ठरीव दराचा आश्रय घेतला. न्यायमूर्ति काथावाला यांनीं 2019 सालीं ठरविलें कीं, ती सवलत नभोवाणी व दूरचित्रवाणी यांपुरतीच आहे. इंटरनेटवाल्यांनीं मालकाशीं सौदा करूनच गाणें घ्यावें. 2022 सालीं खंडपीठानेंही तेंच कायम केलें. ह्यामुळें मोठ्या कंपन्यांचें बळ वाढलें यांत शंका नाहीं. पण ज्याच्या मागें कंपनीच नाहीं, त्याचें काय?

येथें आम्ही आपल्या मुलखाकडे वळतों. भात कापून झालें म्हणजे पाड्यापाड्यांत तारपा वाजूं लागतो. वाळलेला दुध्या, बांबूच्या नळ्या व ताडाचें पान यांचें तें वाद्य. वाजविणारा मध्यें, आणि हातांत हात गुंफलेली नाचणाऱ्यांची रांग त्याच्या भोंवतीं. लग्नांत धवलेरी गाते, आणि तिच्या गाण्यावांचून वारली लग्न लागत नाहीं. भगत घांगळीवर कणसरीची कथा लावतो. ह्या गाण्यांचा कर्ता कोण? सारा समाज, आणि कित्येक पिढ्या. पण कायदा म्हणतो, कर्त्याचें नांव सांगा, मृत्यूचें साल सांगा. नाहीं तर तें गाणें सर्वांचें, म्हणजे व्यवहारांत पाहिलें तर प्रथम यंत्र घेऊन येणाऱ्याचें. वारली चित्रकलेस 2014 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. गाण्यास तसें कांहीं नाहीं, आणि लोकगीतांवर समाजाचा सामाईक हक्क मानणारें कलम आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांत नाहीं.

म्हणून पुढील प्रकार घडूं शकतो. मुंबईहून कोणी येतो, तारपा मुद्रित करून नेतो, त्याखालीं ढोल व यंत्रांचा ताल भरतो, आणि इंटरनेटवर स्वतःच्या नांवें प्रसिद्ध करितो. गाणें जुनें असलें तरी मुद्रण नवें. त्या मुद्रणाचा मालक तो. तेथील यंत्रें आवाजाचा ठसा ताडून पाहतात. उद्यां पाड्यांतल्या मुलानें आपल्याच आजोबांचा त्या दिवशींचा तोच तुकडा चढविला, तर मिळकत मुंबईकडे वळेल. ज्या तालुक्यांतील झरी गांवीं 23 मे 1945 रोजीं वारली शेतकऱ्यांनीं वेठ करणार नाहीं असा निर्धार केला, तेथें कंठाची वेठ मुकाट्यानें चालावी हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

परंतु कायद्याचें एक दार उघडें आहे. गाण्यावर हक्क नसला तरी गाणाऱ्यावांचून मुद्रण होत नाहीं, आणि वर सांगितलेला कलावंताचा हक्क तारपेवाल्यास व धवलेरीसही लागू आहे. त्यांच्या संमतीवांचून मुद्रण करणें गैर आहे. तो हक्क 50 वर्षें टिकतो, आणि मुद्रणाचा व्यापारी उपयोग झाल्यास 2012 पासून त्यांस रॉयल्टी मागतां येते. हक्काची लेखी देवघेव होतांना मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षें धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. ह्याचसाठीं 'सर्व हक्क, सर्व जगांत, कायमचे' अशीं अक्षरें छापलेला कागद पुढें येतो. तीं अक्षरें खोडावयास सांगण्यांत कांहीं उद्धटपणा नाहीं.

आमच्या मोठ्या वर्गांतील मुलें सुटींत घरीं जातात तेव्हां फोनवर तारपा मुद्रित करून आणतात. स्नेहसंमेलनांत मुलांनीं व शिक्षकांनीं गाणीं म्हटलीं तर कायद्यानें शाळेस रॉयल्टी द्यावी लागत नाहीं. पण तेंच इंटरनेटवर चढविलें कीं ती सवलत संपते. तेव्हां मुद्रण करण्यापूर्वीं विचारावें. वाजविणाऱ्याचें नांव, पाडा, तारीख, आणि तें कशासाठीं वापरावयाचें आहे इतकें एका कागदावर लिहावें, व त्याची एक प्रत त्याच्यापाशीं ठेवावी. सही येत नसेल तर अंगठा चालतो; मात्र कागद त्याला त्याच्या बोलींत वाचून दाखविलेला असावा.