प्रोटॉनच्या वाटेतले शेवटचे मिलिमीटर

शारजातील रोल्ला परिसराला नाव मिळाले ते तेथील जुन्या वटवृक्षावरून. या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबात कर्करोगाचे निदान झाले, की पहिली चौकशी बहुधा मुंबईतच होते. विमानाने अंतर जेमतेम तीन तासांचे, आणि परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून सर्वांच्या परिचयाचे. अलीकडे या चौकशीत ‘प्रोटॉन’ हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. चेन्नईत अपोलोचे प्रोटॉन केंद्र २०१९ मध्ये सुरू झाले. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत २०२३ पासून रुग्णांवर असे उपचार होऊ लागले.

उपचाराच्या कागदावर ‘५४ ग्रे (आरबीई)’ असा आकडा लिहिलेला असतो. कंसातली ही तीन अक्षरे सहसा कोणी विचारात घेत नाही. वस्तुतः सगळी मेख तिथेच आहे.

नेहमीच्या किरणोपचारातील क्ष-किरण शरीरात शिरतात, गाठीतून जातात आणि पलीकडच्या निरोगी भागालाही भाजत बाहेर पडतात. प्रोटॉनचे तसे नाही. तो वाटेत थोडी थोडी ऊर्जा सोडतो, वेग मंदावत जातो आणि थांबण्याच्या बेतात असताना उरलेली ऊर्जा एकदम टाकतो. ऊर्जेच्या या उंचवट्याला ‘ब्रॅग शिखर’ म्हणतात. त्याचा वैद्यकात उपयोग करता येईल, असे रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये सुचवले आणि १९५४ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे पहिल्या रुग्णांवर उपचार झाले. गाठीपलीकडे मात्रा जवळजवळ शून्य, हा त्याचा मोठा लाभ. वाढत्या वयातील मुलांसाठी तर तो अमोलच.

परंतु मात्रा समान असली म्हणून परिणाम समान होतो असे नाही. तेवढ्याच भौतिक मात्रेत प्रोटॉन क्ष-किरणांपेक्षा पेशींची थोडी अधिक हानी करतो. किती अधिक, हे सांगणारे गुणोत्तर म्हणजे सापेक्ष जैविक परिणामकारकता, अर्थात आरबीई. जगभरच्या केंद्रांनी ते सोयीसाठी सरसकट १.१ धरले आहे. म्हणजे कागदावरचे ५४ प्रत्यक्षात सुमारे ४९.१ ग्रे असतात, त्याला १.१ ने गुणून तो आकडा येतो.

अडचण अशी, की हे गुणोत्तर वाटभर सारखे राहत नाही. प्रोटॉन मंदावतो तसतसे त्याचे आघात दाटीने पडू लागतात. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर जवळजवळ घाव बसले, की पेशीला दुरुस्ती जमत नाही. आघातांच्या या दाटीला एलईटी म्हणतात. शरीरात शिरताना ती प्रति मायक्रोमीटर एक-दोन किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते, तर वाटेच्या टोकाला दहाच्याही वर जाते. प्रयोगशाळेतील पेशींवरच्या मोजमापांनुसार टोकाजवळ आरबीई १.३ किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. तिथे भौतिक मात्रा तेवढीच असेल, तर कागदावरचे ५४ पेशींच्या लेखी ६४ च्या घरात जातात. शिवाय जैविक परिणामाची सीमाही एक-दोन मिलिमीटर पुढे सरकते.

मिलिमीटरभर फरकाने काय होते? मेंदूच्या तळाशी गाठ असलेल्या मुलाचे उदाहरण घ्या. गाठीला खेटूनच मेंदूस्तंभ असतो. श्वास आणि गिळणे त्याच्या ताब्यात. गाठ संपते तिथे प्रोटॉन थांबवायचे म्हणजे सर्वांत घातक टोक नेमके मेंदूस्तंभावर टेकवायचे. अशा मुलांमध्ये काही वेळा मेंदूस्तंभातील ऊती मृत झाल्याचे आढळले आहे आणि त्यामागे टोकाकडची वाढलेली आरबीई हेही एक कारण असावे, असे मानले जाते.

मग १.१ सोडून खरे, बदलते गुणोत्तर का वापरत नाहीत? प्रश्न रास्त आहे. पण हे गुणोत्तर ऊतीच्या प्रकारावर, एका वेळी दिलेल्या मात्रेवर आणि पेशींच्या दुरुस्तीच्या क्षमतेवर अवलंबून असते, आणि बहुतेक माहिती काचेच्या तबकडीतील पेशींवरून मिळालेली आहे. अशा गणितावर विसंबून गाठीची मात्रा कमी केली आणि गणित चुकले, तर आजार उलटण्याची भीती. म्हणून नियोजनकारांनी शहाणपणाची मधली वाट निवडली आहे: गाठीची मात्रा १.१ नेच मोजायची, पण टोके कुठे पडतात ते बदलायचे.

पेन्सिलीसारख्या बारीक झोताने गाठ ठिपक्याठिपक्याने भरत जाण्याच्या पद्धतीमुळे हे शक्य झाले. हजारो ठिपक्यांपैकी कोणत्याला किती वजन द्यायचे, हे संगणक ठरवतो. त्याला मात्रेच्या अटींबरोबर एलईटीचीही अट घालता येते: दाट आघात गाठीच्या पोटात ठेव, मेंदूस्तंभ, दृष्टितंतू किंवा मज्जारज्जूवर नको. कधी झोतांचे कोन बदलतात, कधी दोनाऐवजी तीन दिशा घेतात, म्हणजे सगळी टोके एकाच जागी साचत नाहीत. मात्र हे फुकट मिळत नाही. झोत शरीरात नेमका किती खोल जाईल याच्या अंदाजातच काही टक्क्यांची अनिश्चितता असते. एलईटी हलवताना गाठीची कड उपाशी राहिली, तर सारेच व्यर्थ.

एका देशात निदान, दुसऱ्यात शस्त्रक्रिया आणि तिसऱ्याच शहरात किरणोपचार, अशी आखाती कुटुंबांची अनेकदा स्थिती असते. त्यांना याचा थेट व्यवहारी उपयोग आहे. त्याच जागी पुन्हा किरणोपचार द्यायची वेळ आली, तर नव्या डॉक्टरांना नुसता ‘५४’ हा आकडा पुरत नाही. कोणत्या दिशांनी झोत दिले आणि ते कुठे थांबले, हेही लागते. ही माहिती छापील सारांशात क्वचितच असते. उपचार संपताना रुग्णालयाकडून मूळ सीटी स्कॅन, अवयवांच्या आखलेल्या सीमा आणि संपूर्ण नियोजन डिजिटल स्वरूपात मागून घ्यावे, आणि त्याची एक प्रत शारजातील घरीही ठेवावी.