आग्रह, आहार आणि नळी



आपल्याकडे आग्रहाशिवाय जेवण पूर्ण होत नाही. ‘एवढी अर्धी पोळी घ्याच’ म्हणणं ही माया, आणि ताटात टाकणं हा वाढणाऱ्याचा अपमान. एरवी हे गोड वाटतं. पण घरातल्या कुणाला तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर असेल आणि रेडिएशनचे शेक सुरू असतील, तर हाच आग्रह सगळ्यांना जड जातो. असं का, ते आज आपण पाहू.

हे उपचार साधारणपणे आठवड्याला पाच दिवस, असे सहा ते सात आठवडे चालतात. किरणांनी कॅन्सरच्या पेशी मरतात, तशी आजूबाजूच्या निरोगी पेशींनाही इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, लाळ आटते, चव जाते. तेव्हा रुग्ण ‘नको’ म्हणतो तो हट्ट नसतो, आणि तुमच्या हातच्या जेवणाला ठेवलेलं नावही नसतं. त्याला खरोखरच गिळवत नसतं.

मग ‘राहू दे, शेक संपल्यावर खाईल’ म्हणावं का? तेही नाही. डोकं हलू नये म्हणून रुग्णाच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा बनवलेला असतो. वजन फार उतरलं की तो सैल होतो, आणि कधी माप व नियोजन पुन्हा करावं लागतं. अशक्तपणामुळे शेक मध्येच थांबले, तर उपचाराचा गुण कमी होऊ शकतो. म्हणजे या दिवसांतलं अन्न हा उपचाराचाच भाग आहे.

किती अन्न? दर किलो वजनामागे दिवसाला 25 ते 30 कॅलरी आणि 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं, असा ढोबळ हिशेब असतो. 50 किलोच्या माणसाला 50 ते 75 ग्रॅम प्रथिनं हवीत. आपण मायेनं देतो काय? पेज, नारळपाणी, मोसंबीचा रस. पहिल्या दोहोंत प्रथिनं नगण्य, आणि रस तर जखमेला झोंबतो. उलट एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं असतात, पेलाभर दुधातही जवळपास तेवढीच. म्हणून मुगाची गुरगुट्या खिचडी तूप घालून, नाचणीची खीर दुधात, मऊ अंडं. सगळं कोमट, बिनतिखट, थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आहारतज्ज्ञांना विचारूनच.

‘साखरेनं कॅन्सर वाढतो’ म्हणून काही घरांत दूध-गोड सगळंच बंद होतं. माणूस उपाशी राहिला म्हणून गाठ उपाशी मरत नाही. झिजतात ते त्याचे स्नायू.

आता सर्वांत अवघड गोष्ट. तोंडानं पुरेसं जात नसेल, तर डॉक्टर नाकातून नळी घालायला सुचवतात. ते ऐकताच घरच्यांना वाटतं, आता संपलं. इथे आपला एक घोटाळा होतो. खाणं आणि पोषण आपण एकच धरतो. खाण्यात चव असते, पंगत असते, माया असते. पोषण म्हणजे शरीराला लागणारा शिधा. खाणं काही आठवडे थांबू शकतं, पोषण थांबून चालत नाही. नळी हा शिधा पोचवण्याचा दुसरा रस्ता आहे. तोंड बरं झालं की बहुतेकांची ती निघते. मात्र ती असतानाही, डॉक्टरांनी मना केलं नसेल तर, घोट-घोट गिळत राहावं, नाहीतर गिळण्याचे स्नायू सवय विसरतात.

मग मायेनं करायचं काय? ‘का खाल्लं नाहीस?’ ऐवजी ‘आज काय झोंबलं?’ असं विचारायचं. दर आठवड्याला वजन वहीत लिहायचं, आणि ते उतरू लागलं की वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायचं. चव परत यायला बहुधा काही महिने लागतात. तोवर आग्रह जपून ठेवू. पंगत पुन्हा बसेल तेव्हा तो लागणारच आहे.